मोडलेल्या मनगटाची कहाणी

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या नगरकरांच्या डोळ्यांपुढे भुईकोट किल्ला, चांदबीबी, मलिक अंबर आणि फराहबाग ही नावे उभी राहतात. (२०२४ पासून आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, परंतु जुन्या गोष्टी सांगायच्या असल्याने मी जुन्या सवयीने नगर असेच लिहितो.) वर्गात मी हाच इतिहास शिकवतो आणि तो शिकवताना मला आनंदही होतो. परंतु स्मरणिकेसाठी लेख लिहायला बसलो तेव्हा वाटले की, या वेळी तख्ताचा आणि तलवारीचा इतिहास बाजूला ठेवावा. तलवार धरणारा, नांगर धरणारा, शिलाई मशीनवर कापड सरकवणारा आणि परीक्षेचा पेपर लिहिणारा जो हात, त्याच्या मनगटाचा इतिहास सांगावा.

हा विषय सुचण्याचे कारण अगदी साधे आहे. दरवर्षी बोर्डाच्या परीक्षेच्या सुमारास एखादा तरी विद्यार्थी उजवा हात गळ्यात बांधून शाळेत येतो आणि मग लेखनिक मिळावा म्हणून आमची धावपळ सुरू होते. कोणी चिंचेवरून पडलेला असतो, कोणी मोटारसायकलवरून घसरलेला, तर कोणी कबड्डीत. हात प्लॅस्टरमध्ये असेल तर मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती हातावर बांबूच्या कामट्या सुतळीने करकचून आवळलेल्या असतात तेव्हा. चौकशी केली की वडील सांगतात, "सर, हाड मोडलं नाही, नुसतं सरकलंय. पहिलवानानं बसवून दिलंय." हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. पुढे वाचनात आले आणि आश्चर्य वाटले, की मनगटाच्या बाबतीत नेमकी हीच समजूत जगातील मोठमोठ्या वैद्यांचीही दोन हजार वर्षे होती.

आधी मनगट म्हणजे काय ते पाहू. कोपरापासून खाली दोन लांब हाडे येतात. अंगठ्याच्या बाजूचे ते रेडियस, करंगळीच्या बाजूचे ते अल्ना. त्यांच्या टोकाशी आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली असतात आणि त्यांच्यापुढे तळहाताची हाडे सुरू होतात. माणूस पडताना स्वतःला सावरण्यासाठी हात पुढे टेकतो आणि सर्व शरीराचा भार तळहातावर येतो. बहुतेक वेळा रेडियसचे टोक सांध्यापासून इंच-दीड इंचावर मोडते आणि हाताचा पंजा मागच्या बाजूला ढकलला जातो. बाजूने पाहिले तर हाताचा आकार जेवणाच्या काट्यासारखा दिसतो, असे इंग्रजी पुस्तके सांगतात. आपल्याकडे काट्याने जेवण्याची रीत नाही, म्हणून मी मुलांना पालथ्या पळीची वाकलेली मान आठवायला सांगतो. हा उंचवटा सांध्याच्या इतका जवळ असतो की, पाहणाऱ्याला सांधाच निखळला आहे असे वाटावे.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसला असेच वाटले आणि त्याच्या ग्रंथांचा अधिकार एवढा मोठा होता की पुढे शतकानुशतके मनगटाची ही इजा सांधा निखळल्याचीच मानली गेली. फ्रान्समधील लिआँ शहराचा शल्यवैद्य क्लोद पुतो याने ही इजा म्हणजे हाड मोडणे आहे असे लिहून ठेवले. त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १७८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बाहेरच्या देशांत फारसे कोणी वाचले नाही. नंतर १८१४ मध्ये डब्लिनचा अब्राहम कॉलिस याने एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लहानसा लेख लिहिला आणि हे मोडणे कसे ओळखावे ते स्पष्ट केले. त्या वेळी क्ष-किरण नव्हते, भूल नव्हती. केवळ बोटांनी चाचपून आणि हात हलवून पाहून त्याने हा निष्कर्ष काढला. आजही या अस्थिभंगाला कॉलिसचे नाव आहे. पॅरिसचा द्युप्युत्रां हा तर विद्यार्थ्यांना बजावत असे की, मनगट निखळले म्हणून जे रोगी येतात त्यांच्यात खरोखर निखळलेले जवळजवळ नसतातच.

आता तुम्ही विचाराल, मोडले काय नि सरकले काय, बसवायचेच ना? फरक येथेच आहे. निखळलेला सांधा एकदा जागेवर बसला की बहुधा तेथे टिकतो. मोडलेले हाड मात्र बसवल्यावरही पुन्हा सरकू शकते आणि कित्येकदा ते आठ-दहा दिवसांनी, सूज उतरून पट्टी सैल पडल्यावर सरकते. म्हणून "बसवले, झाले" असे समजून घरी बसणाऱ्याचा हात वाकडा जुळतो. शिवाय "सरकलंय" म्हटले की घरातील मंडळी तेल लावून चोळायला लागतात, गरम मिठाचा शेक देतात. मोडलेल्या हाडाला चोळणे म्हणजे दुखण्यात भर घालणे आहे.

आपल्या परंपरेत याविषयी काय सांगितले आहे, हे पाहण्याची मला उत्सुकता होती. परंपरा म्हणताना मी एकच धरत नाही, कारण या दख्खनच्या भूमीत वैद्य आणि हकीम दोघेही होते आणि दोघांचेही ज्ञान आपले आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे आणि सांधा निखळण्याचे स्वतंत्र प्रकार दिले आहेत. मोडलेल्या भागाला आधार म्हणून मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि बांबू वापरावा असे त्यात आहे. आपल्या पहिलवानाची कामटी इतकी जुनी आहे! परंतु त्याच ठिकाणी सुश्रुताने सांगितलेली दुसरी गोष्ट आपण विसरलो. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट बांधली तर सूज येते, वेदना होतात, कातडी पिकते, असे तो स्पष्ट लिहितो. एवढेच नव्हे, तर थंडीच्या ऋतूत दर सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधावी असे वेळापत्रकही देतो. महिनाभर सुतळीला हात न लावणारे आपले लोक कोणत्या ग्रंथाचा आधार घेतात, हे मला कळत नाही.

अरबी-फारसी वैद्यकातही हीच सावधगिरी आढळते. इब्न सीना (९८०-१०३७) याच्या 'कानून' या ग्रंथाच्या चौथ्या भागात अस्थिभंग आणि सांधे निखळणे यांचे विवेचन आहे. मोडलेल्या हाडावर लगेच फळ्या आवळू नयेत, काही दिवस थांबून सूज ओसरू द्यावी, असा त्याचा सल्ला आहे. आज डॉक्टर पहिल्या दिवशी पूर्ण प्लॅस्टर न करता अर्धी पट्टी घालतात, ते याच कारणाने. कुर्तुबा शहराजवळचा अल्-जहरावी हा इब्न सीनाच्या आधीच्या पिढीतला. त्याच्या 'तसरीफ' या ग्रंथाचा तिसावा भाग केवळ शस्त्रक्रियेचा आहे. त्यात डागण्या, कापणे-शिवणे आणि हाडे बसवणे असे तीन खंड असून सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत. बाराव्या शतकात या भागाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील शल्यवैद्य तो अनेक पिढ्या अभ्यासत होते.

आणि आपले नगर? पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने हे शहर वसवले आणि पुढच्या शंभर वर्षांत येथे इराणहून अनेक विद्वान आले. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी रुस्तम जुर्जानी नावाचा हकीम होता. त्याने औषधांविषयी फारशीत 'जखीरा-ए-निजामशाही' हा ग्रंथ लिहिला. इतिहासकार म्हणून आपल्याला ठाऊक असलेला फरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर नगरला आला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. या फरिश्त्याने वैद्यकावरही 'दस्तूर-उल-अतिब्बा' हे पुस्तक लिहिले आणि त्यात भारतीय वैद्यांची विद्या फारशी वाचकांपुढे मांडली. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. चारशे वर्षांपूर्वी या शहराच्या रस्त्यांवरून चाललेल्या माणसाला वैद्य आणि हकीम यांच्यात भिंत घालावीशी वाटली नाही.

मग ही विद्या गेली कोठे? माझ्या समजुतीप्रमाणे ती दुभंगली. ग्रंथ हकिमांच्या घरी राहिले आणि हाडाचे, चाकूचे काम जर्राह, न्हावी, पहिलवान यांच्या हाती गेले. हकीम नाडी पाहणार, हाड धरणार नाही. हाड धरणाऱ्याला फारशी किंवा संस्कृत येत नव्हते. त्यामुळे कामटी उरली आणि तिच्याबरोबरचा इशारा हरवला. यात त्या गरीब कारागिरांना दोष देण्यात अर्थ नाही. गावात दवाखाना नव्हता तेव्हा खेड्यापाड्यांत तेच होते, त्यांच्यापैकी कित्येकांच्या बोटांत खरोखर कसब होते आणि पुष्कळ जण आजही पैसे मागत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित, निरक्षर स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका केले आणि त्या कामासाठी १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्यात हे घडले तेथे हाड बसवणाऱ्यांनाही चार गोष्टी शिकवता आल्या असत्या असे मला राहून राहून वाटते. घट्ट बांधू नका आणि बोटे काळी-निळी दिसताच सोडा, एवढे जरी शिकवले असते तरी काही हात वाचले असते.

हे मी उगाच लिहीत नाही. जर्मन शल्यवैद्य फोल्कमन याने १८८१ मध्ये या संकटाचे वर्णन केले. हात घट्ट आवळला की आत सूज वाढते, तिला बाहेर जागा मिळत नाही आणि स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो. काही तासांतच स्नायू मरू लागतात. पुढे ते आखडतात आणि बोटे पक्ष्याच्या पंजासारखी कायमची वळून बसतात. कधी कधी बोटे किंवा पंजाच कापावा लागतो. पालकांनी म्हणून बांधलेल्या हाताची बोटे पाहत राहावे, मग बांधणारा पहिलवान असो की मोठा डॉक्टर. बोटे थंड पडली, पांढरी किंवा निळी झाली, मुंग्या येऊ लागल्या, बोट हळूच सरळ केले तरी मूल किंचाळू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला पट्टी सोडवून रुग्णालय गाठावे. "दुखणारच, हाड जुळतंय" असे म्हणून दादी मुलाला गप्प करते, तीच वेळ हातची जाते.

आता प्लॅस्टरकडे वळू. पॅरिसच्या खाणीतील जिप्सम भाजून केलेली ही पूड, म्हणून तिला प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणतात. पण मोडलेल्या अवयवाभोवती ती ओतून घट्ट करण्याची युक्ती युरोपला पूर्वेकडून कळली. बसऱ्याचा ब्रिटिश वकील विल्यम ईटन याने १७९८ मध्ये एका पत्रात या पद्धतीचे वर्णन करून पाठवले. त्या काळी अवयव जणू पेटीत ठेवून त्याभोवती गिलावा ओतत, त्यामुळे रोगी जागचा हलू शकत नसे. डच सेनेचा शल्यवैद्य अँटोनियस मॅथायसन याने १८५१-५२ मध्ये कापडी पट्टीत कोरडी पूड चोळून ती पाण्यात भिजवून गुंडाळण्याची पद्धत काढली. जवळजवळ त्याच रूपात ती आज आपल्या मुलांच्या हातांवर असते आणि वर्गातील मित्र तिच्यावर सह्या करतात.

मनगटाच्या बहुतेक मोडींना, विशेषतः लहान मुलांच्या, भूल देऊन हाड सरळ करणे आणि प्लॅस्टर घालणे पुरते. मुलांची हाडे कोवळ्या फांदीसारखी असतात, एका बाजूने चिरतात नि दुसऱ्या बाजूने वाकतात. आणि थोडा वाक राहिला तरी वाढत्या वयात तो पुष्कळसा आपोआप सरळ होतो. मात्र हाडाच्या टोकाशी वाढीची चकती असते. ती दुखावली तर हात आखूड किंवा तिरपा वाढू शकतो, म्हणून मुलांच्या बाबतीत काही काळ तपासणी चालू ठेवावी लागते.

मोठ्या माणसांची गोष्ट निराळी आहे. वय झालेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात आणि न्हाणीघरात पाय घसरला तरी मनगटाचा चुरा होतो. तरुणांत जोराच्या आघाताने हाडाचे टोक सांध्याच्या आतपर्यंत फुटते. आपल्या बागायती भागात जुन्या लोकांना आणखी एक प्रकार चांगला ठाऊक आहे. विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारून सुरू करताना इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर आदळे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत इंजिने विहिरी-विहिरींवर पोहोचली. युरोपात मोटारी हँडलने सुरू करीत तेव्हा ड्रायव्हर लोकांची मनगटे अशीच मोडत. म्हणून अंगठ्याकडच्या टोकाच्या या मोडीला तिकडे शोफर फ्रॅक्चर असे नाव पडले. मोटार चालवणारा लंडनचा शोफर आणि राहुरीकडचा ऊसवाला शेतकरी यांचे हाड एकाच जागी मोडावे, ही गंमतच म्हणायची.

अशा मोडींसाठी शस्त्रक्रियेची गरज पडते. शस्त्रक्रिया मनगटापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र आधी तीन दरवाजे उघडावे लागले. पहिला भुलीचा. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आले आणि ते किती सुरक्षित आहे याची मोठी तपासणी निजामाच्या खर्चाने १८८८-८९ मध्ये आपल्या शेजारच्या हैदराबादेत झाली. दुसरा जंतूंपासून बचावाचा. १८६५ मध्ये ग्लासगोच्या जोसेफ लिस्टरने गाडीखाली सापडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या पायाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी ठेवली आणि हाड मोडून जखम उघडी असूनही तो पाय वाचला. त्यापूर्वी हाड कातडीबाहेर आले म्हणजे पाय कापायचा, असाच बहुधा रिवाज होता. तिसरा दरवाजा क्ष-किरणांचा. २२ डिसेंबर १८९५ रोजी रोंटजेनने पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. माणसाच्या हाडांचे हे पहिले प्रसिद्ध चित्र हाताचेच आहे, त्यात अंगठीसुद्धा दिसते. दोनच वर्षांनी, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, सर्जन-मेजर बीव्हर याने हे यंत्र आपल्या वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत नेऊन जखमी सैनिकांवर वापरले.

क्ष-किरणांमुळे मनगटातील आठ लहान हाडांचे दुखणे प्रथमच डोळ्यांना दिसले. त्यातील दोन हाडांची नावे तरी पालकांनी लक्षात ठेवावीत. एक स्कॅफॉइड, म्हणजे नावेच्या आकाराचे. हाताचा अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. पूर्वी साहेब लोक या खळग्यात तपकीर ठेवून ओढत, म्हणून त्याला तपकिरीच्या डबीचेच नाव आहे. पडल्यानंतर तेथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड मोडल्याची शंका घ्यावी. हे हाड मोठे लबाड आहे. सूज फार येत नाही, आकार बिघडत नाही आणि पहिल्या एक्स-रेमध्ये मोड दिसेलच असे नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. शिवाय त्याला रक्त पुढच्या टोकाकडून मिळते. मधोमध मोडले की मागच्या तुकड्याचे रक्त तुटते आणि तो तुकडा वाळून जाऊ शकतो. "मुरगळलाय, चोळा" असे म्हणून सोडून दिलेली कित्येक तरुण मनगटे दहा वर्षांनी संधिवाताने जखडतात, ती याच हाडामुळे.

दुसरे हाड ल्यूनेट, चंद्रकोरीसारखे. आतापर्यंत मी "सरकलंय" या शब्दावर टीका केली, पण खरोखर सरकणारे मनगट असते ते येथे. उंचावरून पडल्यावर किंवा मोटारसायकलच्या अपघातात ल्यूनेटभोवतीची हाडे तिला सोडून मागे जातात किंवा चंद्रकोर स्वतःच पुढे निसटते आणि तळहाताच्या नसेवर दाब देते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होते. हे निखळणे फोटोत असूनही पहिल्या तपासणीत नजरेतून सुटते, असे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतके असल्याचे युरोपातील एका पाहणीत १९९३ मध्ये आढळले. यात नुसते ओढून बसवणे पुरत नाही. बंध शिवावे लागतात आणि हाडे तारेने रोखून धरावी लागतात.

या तारांचा इतिहास मोठा आहे. जर्मन शल्यवैद्य मार्टिन किर्शनर याने १९०९ मध्ये बारीक पोलादी तार हाडातून घालण्याची कल्पना मांडली. आज तिला सर्व जण के-वायर म्हणतात. जाडीला दीड-दोन मिलिमीटर, पण कातडी न फाडता आत सरकवता येते, पाच-सहा आठवड्यांनी ओढून काढता येते आणि स्वस्त असते. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या काही शल्यवैद्यांनी एकत्र येऊन हाडे पट्टी आणि स्क्रूने पक्की जोडण्याचे शास्त्र उभे केले. स्कॅफॉइडसाठी सिडनीच्या टिमथी हर्बर्टने १९८४ मध्ये डोके नसलेला स्क्रू प्रसिद्ध केला. त्याच्या दोन्ही टोकांचे आटे वेगवेगळ्या अंतराचे असतात, त्यामुळे तो फिरवला की दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जातात आणि स्क्रू हाडाच्या आत बुडून राहतो. ज्यांचा लेथवर काम करण्याशी संबंध आहे त्यांना यातील हुशारी चटकन कळेल.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. मुंबईचे हातांचे शल्यवैद्य डॉ. बी. बी. जोशी यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत एक बाहेरची चौकट तयार केली. हाडात बारीक तारा घालायच्या आणि त्या कातडीबाहेर साध्या सळया आणि चिमट्यांनी एकमेकींना जोडायच्या, म्हणजे मधला चुरा झालेला भाग ताणून धरला जातो. परदेशी चौकटी महाग होत्या. ही हलकी आणि स्वस्त होती. 'जेस' या नावाने ती देशभर ओळखली जाते आणि वाकड्या पावलांच्या मुलांसाठीही वापरली जाते. गरीब देशाला कोणते हत्यार परवडेल याचा विचार करणारा डॉक्टर मला प्लेटांच्या कारखान्यांपेक्षा मोठा वाटतो.

सन २००० च्या सुमारास तळहाताच्या बाजूने बसवायची नवी पट्टी आली. तिचे स्क्रू पट्टीतच कुलूप घातल्यासारखे अडकतात, म्हणून ठिसूळ हाडातही पकड राहते आणि हात लवकर हलवता येतो. तेव्हापासून "प्लेट टाकायची" हा शब्द गावोगावी गेला. परंतु येथे पालकांनी थोडे थांबून विचार करावा. ब्रिटनमध्ये ४६१ रुग्णांवर तार आणि अशी पट्टी यांची तुलना करण्यात आली. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा वर्षअखेर दोन्ही गटांच्या हातांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. २०२२ मध्ये तेथेच ५०० रुग्णांत तार आणि नीट दाबून घातलेले प्लॅस्टर यांची तुलना झाली. वर्षाने हात सारखेच, मात्र प्लॅस्टरवाल्यांपैकी सुमारे आठांत एकाचे हाड पुन्हा सरकले आणि त्याला नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे प्लॅस्टर घातले तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फोटो काढून पाहत राहिले पाहिजे. हे निष्कर्ष भूल देऊन बाहेरून सरळ बसवता येणाऱ्या मोडींचे आहेत. सांध्याचा पृष्ठभाग फुटला असेल, जखम उघडी असेल किंवा नस दबली असेल, तर शस्त्रक्रिया टाळणे महागात पडते. म्हणून डॉक्टरांना न संकोचता विचारावे, "माझ्या मुलाची मोड कोणत्या प्रकारची आहे, आणि तारेने भागेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

नगरकरांना यासाठी फार लांब जावे लागत नाही, हे पूर्वीच्या पिढीला खरे वाटले नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. ज्युलिया बिसेल यांनी नगरमध्ये रुग्णालय उभे केले. १९३९ मध्ये ते काम साल्व्हेशन आर्मीकडे आले आणि तेच आपले बूथ हॉस्पिटल. उत्तर भागात साखर कारखान्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या चळवळीतून १९७२ मध्ये प्रवरा मेडिकल ट्रस्ट आणि १९८४ मध्ये लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुण्यात डॉ. का. ह. संचेती यांनी १९६५ मध्ये केवळ हाडांसाठी रुग्णालय सुरू केले आणि नगरचे किती रुग्ण तेथे गेले असतील याची गणती नाही. खर्चाची अडचण खरीच आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जनआरोग्य योजना हाडांच्या शस्त्रक्रियांनाही लागू आहे; तेव्हा रुग्णालयात गेल्याबरोबर पहिल्याच दिवशी, पैसे भरण्यापूर्वी, तिची चौकशी करावी. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्यावे.

एक गोष्ट राहिली. प्लॅस्टर निघाले किंवा तार काढली की घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि मूल हात छातीशी धरून बसते. हाड जुळलेले असते, पण सांधा गंजलेला असतो. शस्त्रक्रिया कितीही सुरेख झाली असली तरी पुढचे दोन-तीन महिने व्यायाम नसेल तर मूठ पुरती मिटत नाही. मुंबईला हाजी अलीजवळ १९५५ मध्ये स्थापन झालेली शारीरिक पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे, आणि आता तालुक्याच्या गावीही फिजिओथेरपिस्ट मिळतात. ते मुलाच्या हाती मऊ चेंडू देतात, मग जरा कठीण चेंडू, मग वजन. हे ऐकून मला सुश्रुताची आठवण होते. तळहात मोडून जुळल्यावर काय करावे, हे त्याने सांगून ठेवले आहे: आधी ओल्या मातीचा गोळा हातात धरावा, नंतर मिठाचा खडा, आणि हातात जोर आला म्हणजे दगड.